येणारे-जाणारे नेट आणि मिटलेल्या तक्रारी : ‘ट्राय’च्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण,
नवी दिल्ली

महोदय,

घरचे ब्रॉडबँड दिवसभर तुटत राहते, मिनिटा-दोन मिनिटांत परत येते आणि पुन्हा जाते, ही तक्रार आपल्याला नवी नाही. ग्राहक कस्टमर केअरला फोन करतो, तक्रार क्रमांकाचा एसएमएस येतो, दुसऱ्या दिवशी ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा दुसरा एसएमएस येतो आणि त्याच संध्याकाळी नेट पुन्हा जाते. देशात तारेवरच्या ब्रॉडबँडच्या चार कोटींहून अधिक जोडण्या आहेत. त्यांतल्या ज्यांची लाइन पूर्ण बंद पडते, त्यांच्यासाठी आपल्याकडे नियम आहे. ज्यांची लाइन येत-जात राहते, त्यांच्यासाठी काहीच नाही. म्हणूनच हे पत्र कुठल्या कंपनीला न लिहिता आपल्याला लिहिले आहे. कंपन्या आपण आखलेल्या चौकटीत बसून हात झटकतात, आणि ती चौकट बदलण्याचा अधिकार फक्त आपला आहे.

आपल्याच आकड्यांपासून सुरुवात करतो. ब्रॉडबँडच्या दर्जाचे 2006 चे नियम आपलेच. सेवा 98 टक्के वेळ चालू असली पाहिजे, असे त्यांत म्हटले होते. ऐकायला हे कडक वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात 720 तास असतात. त्याचे दोन टक्के म्हणजे 14 तास 24 मिनिटे, म्हणजेच 864 मिनिटे. एका घरातले नेट रोज 28 वेळा, दर वेळी एक मिनिट, असे महिनाभर जात राहिले तरी बेरीज 840 मिनिटांवर थांबते आणि ते घर 98 टक्क्यांच्या मापात उत्तीर्ण होते. त्या घरात नोकरीची ऑनलाइन मुलाखत होऊ शकत नाही, डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येत नाही, पैसे भरताना व्यवहार मध्येच अडकतो. कागदावर मात्र सेवा उत्तम. शिवाय हे माप एका घराला लागतच नव्हते. ते अख्ख्या सेवाक्षेत्राचे, तिमाहीच्या सरासरीचे. आपल्या हिशेबातल्या ‘महाराष्ट्र’ सेवाक्षेत्रात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण वगळून सारे राज्य येते, वर गोवाही येतो. गडचिरोलीपासून पणजीपर्यंतच्या त्या सरासरीत सांगलीतल्या एका गल्लीचे हाल कुठे दिसणार? भरपाईचीही तीच गत. बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट, हे तत्त्व 2006 मध्ये होते आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही तीन दिवसांचीच मर्यादा आहे. पण जी लाइन दर तासाला परत येते, ती तीन दिवस सलग बंद कधी राहणार? नेट आले की बिघाड संपला, तक्रार बंद, घड्याळ पुन्हा शून्यावर. महिनाभर छळ सोसूनही त्या ग्राहकाच्या खात्यात एक रुपया जमा होत नाही. त्याने 18 टक्के जीएसटीसह पूर्ण बिल भरायचे. नव्या नियमांत आपण दंडाची रक्कम 50 हजारांवरून टप्प्याटप्प्याने 10 लाखांपर्यंत नेली, हे खरे. तो दंड ग्राहकाला मिळत नाही, आणि ज्या दोषाला मापच नाही त्यासाठी तो आकारताही येत नाही.

तक्रार केल्यावर काय होते, तेही पाहावे. पहिली सूचना ठरलेली असते : राउटर बंद करून चालू करा. घरगुती राउटरमध्ये तुटण्याच्या वेळा आणि कारणे यांची नोंद बहुधा तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की ती पुसली जाते. म्हणजे ग्राहकाकडे असलेला एकमेव पुरावा त्याच्याच हातून आधी नष्ट करवून घेतला जातो आणि मग ‘आमच्या बाजूने सर्व ठीक दिसते आहे’ असे त्याला सांगितले जाते. त्यानंतर लाइनमन येतो. त्या क्षणी दिवा हिरवा असतो, स्पीड टेस्ट बरी येते, तो फोटो काढून तक्रार बंद करतो. हिवतापाच्या रोग्याला ताप उतरल्यावर तपासून घरी पाठवावे, तसा हा प्रकार आहे. यात लाइनमनला दोष देता येत नाही. त्याच्याकडे दिवसभराची यादी असते आणि त्या यादीत ‘मागच्या आठवड्यात ही लाइन किती वेळा तुटली’ हा रकानाच नसतो.

कंपन्यांचे नेहमीचे उत्तर असे की दोष ग्राहकाच्या घरातच असतो : जाड भिंती, शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी, जुना राउटर, विजेचा लपंडाव. हे अनेकदा खरेही असते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल जेमतेम तीन; दाटीच्या इमारतीत त्यांवर डझनभर राउटर बोलत असतील तर वायफाय अडखळणारच. तापलेला राउटर किंवा थकलेला अडॅप्टरही असाच त्रास देतो. पण घरातला दोष आणि लाइनचा दोष वेगळे ओळखता येतात, आणि ते ओळखण्याचे साधन ग्राहकापेक्षा कंपनीकडे कितीतरी अधिक आहे. वायफाय अडखळते तेव्हा कंपनीच्या सर्व्हरशी असलेले सत्र सहसा तुटत नाही. लाइन पडते तेव्हा ते तुटते. बहुतेक कंपन्यांच्या रेडियस सर्व्हरवर, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून सत्र सुरू करणाऱ्या सर्व्हरवर, प्रत्येक सत्राची सुरुवात, शेवट आणि संपण्याचे कारण नोंदले जाते. ग्राहकाने स्वतः बंद केले की दुवाच नाहीसा झाला, हे त्या नोंदीत वेगवेगळे कळते. फायबरच्या जोडणीत तर याहून पुढची सोय आहे. घरातली वीज गेली तर तिथला ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडले जाते ते उपकरण) बंद पडण्याआधी ‘डाइंग गॅस्प’ नावाचा शेवटचा संदेश पाठवतो. तो संदेश आला तर बहुधा वीज गेली. संदेश न येता प्रकाशच हरवला तर संशय आधी फायबरवर घ्यावा लागतो. प्रकाशाची तीव्रताही कंपनीला कार्यालयात बसून वाचता येते. घरोघरी पोहोचणाऱ्या फायबरच्या जीपॉन पद्धतीत सर्वसाधारण उपकरणाला साधारण उणे 27 डीबीएमपर्यंतचा मंद प्रकाश पुरतो, त्याखाली नाही. उणे 26 वर लटकलेली लाइन लाइनमनच्या भेटीत हिरवी दिसते आणि धुळीने माखलेला कनेक्टर, खांबावर मुडपलेली तार किंवा पावसाने भिजलेला जोड एवढ्या कारणाने दिवसातून दहादा पडते. हे सारे ज्याला आपल्या पडद्यावर दिसू शकते, त्याने ‘तुमचा राउटर बदला’ म्हणावे आणि नियामकाने ते ऐकून घ्यावे, हे अन्यायाचे आहे.

नोंदी ठेवण्याचा खर्च परवडणार नाही, असेही म्हटले जाईल. नोंदी आधीच ठेवल्या जातात. सुरक्षेच्या कारणासाठी इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्यात, असे दूरसंचार विभागाने डिसेंबर 2021 मध्ये परवान्याच्या अटींत घातले आहे. सरकारने मागितल्यावर माझ्या जोडणीचा दोन वर्षांचा इतिहास कंपनी काढून देणार आणि मी माझ्याच तक्रारीसाठी गेल्या तीस दिवसांचा मागितला तर ‘अशी सोय नाही’ म्हणणार! ही सोय करायला नवे यंत्र लागत नाही, आपला आदेश लागतो.

तारा विजेच्या खांबांवरून जातात, महापालिका तोडते, रस्ते खोदले जातात, पावसाळा असतो, ही अडचण मला मान्य आहे. म्हणूनच कारणासह मोजणी हवी. कंपनीच्या हाताबाहेरचे काय आणि निष्काळजीपणाचे काय, ते मगच वेगळे होईल. दर स्वस्त आहेत, हा युक्तिवाद मात्र मान्य नाही. स्वस्त दर कंपनीने स्वतः जाहीर केला आणि त्यात अखंड सेवेची जाहिरात केली. आणि ‘आवडत नसेल तर कंपनी बदला’ हे सांगणाऱ्यांनी छोट्या शहरांतल्या सोसायट्या पाहाव्यात. अनेक इमारतींत एकाच केबलवाल्याची तार पोहोचलेली असते, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतात. शिवाय निवड करायची तर माहिती हवी. कुठल्या कंपनीची लाइन कुठल्या भागात किती वेळा तुटते, हे आज ग्राहकाला कुठेही वाचायला मिळत नाही. 2016 मध्ये आपण ‘मायस्पीड’ हे ॲप काढले, पण ते वेग मोजते. येणे-जाणे मोजत नाही.

मग दाद कुठे मागायची? व्यक्तिगत तक्रार आपण स्वीकारत नाही. तक्रार निवारणाच्या 2012 च्या नियमांप्रमाणे अपील करावे तर ते कंपनीनेच नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे, आणि निर्णयाला 39 दिवस. ग्राहक आयोगाचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालाने बंद झाले होते. त्याच न्यायालयाने ते फेब्रुवारी 2022 मध्ये पुन्हा उघडले. पण तिथे ग्राहकाने पुरावा आणायचा आणि पुरावा प्रतिपक्षाच्या सर्व्हरवर. बँकेच्या ग्राहकाला 1995 पासून लोकपाल आहे. दूरसंचार ग्राहकासाठी लोकपाल असावा, अशी शिफारस आपणच मार्च 2017 मध्ये केली, 2018 च्या राष्ट्रीय धोरणातही तो शब्द आला. लोकपाल अजून आलेला नाही. आपली शिफारस धूळ खात असताना आपण गप्प का आहात?

येणारा-जाणारा दोष नियमात बसवता येत नाही, असेही नाही. जर्मनीत 1 डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या कायद्यात, वेग ठरल्यापेक्षा सतत किंवा ‘नियमितपणे पुन:पुन्हा’ कमी पडत असेल तर ग्राहकाला बिल कमी करून घेण्याचा हक्क मिळाला आणि मोजण्याचे साधन तिथल्या नियामकानेच दिले. पुन:पुन्हा होणारा दोष कायद्यात लिहिता येतो, हे त्यावरून सिद्ध आहे.

तेव्हा मागणी एकच, नियमांत दुरुस्तीची, आणि ती आपल्या अधिकारात बसते. चोवीस तासांत ठरावीक वेळांपेक्षा जास्त वेळा तुटणारी जोडणी हा बिघाड मानावा. सलग सात दिवस ती स्थिर राहिल्याशिवाय तक्रार बंद करू नये, आणि तोवर तीन दिवसांचे घड्याळ थांबू नये. मागेल त्या ग्राहकाला त्याच्या जोडणीच्या तीस दिवसांच्या नोंदी, कारणे आणि प्रकाशाच्या मापासह, विनामूल्य मिळाव्यात. यासाठी नियमांतल्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी खुला करावा आणि तो कधी करणार, ती तारीख जाहीर करावी.

आपला,
एक ब्रॉडबँड ग्राहक