शालूचा हिरवा

ताईचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं डिझाईन मीच करणार, हे मी परस्पर जाहीर करून टाकलं. मास कॉमला एक सेमिस्टर फोटोशॉप शिकल्याचा माज, दुसरं काय! फंडा सिम्पल होता. ताई आजीचा हिरवागार शालू नेसणार, पत्रिकाही त्याच रंगाची, आत शालूचा फोटो. आजी गेल्या वर्षी गेली. आईसाठी तो हिरवा म्हणजे सगळं काही.

स्क्रीनवर कसला भन्नाट दिसत होता! (सॅच्युरेशन थोडं वाढवलं होतं, कबूल.) छापखान्यातून नमुना आला आणि आई गप्पच झाली. शालूची वाळकी मेथी झाली होती.

मी तावातावाने शनिवार पेठेत. छापखान्यातले काका शांतपणे म्हणाले, "अगं, तुझ्या स्क्रीनमागे दिवा आहे. माझ्या कागदामागे कुठाय?"

तर भानगड अशी. स्क्रीन लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळते, ते आरजीबी. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई, ते सीएमवायके. शाई प्रकाश खाते, त्यामुळे काही झगझगीत हिरवे-निळे तिला झेपतच नाहीत. सॉफ्टवेअर रंग आधी 'लॅब'मध्ये नेतं (प्रयोगशाळा नव्हे, डोळ्याला दिसणाऱ्या रंगांची १९७६ सालची मोजपट्टी) आणि तिथून शाईच्या टक्क्यांत. न झेपणारा रंग जवळच्या झेपणाऱ्या रंगावर ढकलला जातो. शालूच्या घड्यांमधले वेगवेगळे हिरवे असे एकावर एक जाऊन बसले. त्यात मी शहाणीने त्याच फाईलवर सेव्ह मारलेलं! मोड परत आरजीबी केला, ढिम्म फरक नाही. गेलेल्या छटा गेल्याच.

नशीब, मूळ फोटो फोनमध्ये होता. काकांनी 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' उघडून 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक'च्या जागी 'पर्सेप्च्युअल' निवडलं. यात सगळेच रंग थोडे मवाळ होतात, पण एकमेकांतला फरक बराचसा टिकतो. घड्या पुन्हा दिसायला लागल्या. आणि कंट्रोल-वाय दाबलं की छापून साधारण काय येईल ते स्क्रीनवरच दिसतं, हे मला आत्ता कळतंय!

तरी चौकटीचा हिरवा काही तो नव्हे. "स्पेशल कलर लागेल. पाचवी शाई, वेगळी प्लेट, वेगळे पैसे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई शालूच घेऊन आली. काकांनी चष्मा वर सारून पदर दारातल्या उजेडात धरला. आईने बजेट विचारलं, आणि पाचशे पत्रिकांच्या तीनशे केल्या.