गाजर गवत, सिकलसेल आणि तरुण संशोधक

जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या या संस्थेची स्थापना १९८९ मध्ये झाली. गाजर गवताचा प्रादुर्भाव १९५० च्या दशकात प्रथम पुण्यात लक्षात आला, त्यामुळे ‘काँग्रेस गवत’ या नावाने ते महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे. असे सप्ताह अनेकदा औपचारिकतेत संपतात. तरीही संशोधन जनतेपर्यंत नेणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

या तणाच्या बंदोबस्ताचे उपाय शास्त्रज्ञांना ज्ञात आहेत. फुलोऱ्यापूर्वी ते मुळासकट उपटावे. उघड्या हातांनी उपटू नये, कारण त्यामुळे त्वचेचे विकार आणि दमा बळावतो. मोकळ्या जागी टाकळा वाढविल्यास त्याची वाढ दबते. मूळच्या मेक्सिकोतील एका भुंग्याचे तर ते खाद्यच आहे. परंतु एका झाडाला हजारो बिया धरतात. एका शेतकऱ्याने आपले शेत स्वच्छ केले आणि शेजारचा पडीक तुकडा तसाच राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच अवस्था होते. उपयुक्त भुंग्यालाच कीड समजून कोणी औषध फवारले, तर सारे मुसळ केरात. याचाच अर्थ असा की, येथे लोकांना समजावून सांगणे हा संशोधनाचाच एक टप्पा आहे.

जबलपूरमधीलच राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेपुढील काम अधिक नाजूक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही संस्था १९८४ पासून कार्यरत असून सिकलसेल हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे वाक्य सोपे वाटते, मात्र पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ सहज लावला जाऊ शकतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे नीट पोहोचले नाही, तर ठरलेले लग्न मोडण्याची भीती असते आणि दोष बहुधा मुलीच्या माथी येतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला; त्यासाठी २०४७ चे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. तपासणीनंतर हाती पडणाऱ्या कार्डाचा अर्थ गोंडी किंवा स्थानिक बोलीत सांगणारे कोणी नसेल, तर त्या कार्डाचा उपयोग तो काय?

तरुण संशोधकांनी हे काम करावे, अशी शासनाचीही अपेक्षा आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ उपक्रम सुरू केला. पीएच.डी. करणाऱ्या आणि त्यापुढील संशोधनात असलेल्या तरुणांनी आपला विषय सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत लिहावा, यासाठी त्यात पुरस्कार ठेवण्यात आले. २०२२ मध्ये वैज्ञानिकांच्या सामाजिक दायित्वाबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांनुसार प्रत्येकाने वर्षाकाठी किमान १० दिवस समाजासाठी द्यावेत आणि वार्षिक मूल्यमापनात त्याची दखल घेतली जावी, असे सुचविण्यात आले. मात्र दुसऱ्याच वर्षी, २०२३ मध्ये, १९८९ पासून विज्ञानप्रसाराचे काम करणारी ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था बंद करण्यात आली.

पुरस्कारांनी लिहिण्याची हौस वाढते, यात शंका नाही. परंतु बक्षीसपात्र लेख वाचणारा वर्ग आणि मंडला जिल्ह्यातील बैगा कुटुंब यांच्यातील अंतर त्याने फारसे कमी होत नाही. शिवाय २०२२ ची तत्त्वे मार्गदर्शक आहेत, बंधनकारक नाहीत. मोजक्या वर्षांच्या शिष्यवृत्तीवर काम करणाऱ्या संशोधकाची पुढची नोकरी मुख्यतः प्रबंध आणि शोधनिबंध यांवरच ठरते. गावात घालविलेले १० दिवस निवड समितीपुढे कोणत्या रकान्यात मांडावेत, हा त्याच्यापुढचा प्रश्न अद्याप कायम आहे.