रस्त्याचे भाडे

दिवाळी अंकात कराविषयी लिहू नये असा संकेत आहे, आणि तो शहाण्या माणसांनी घालून दिलेला आहे. समोरच्याने नुकताच अनारसा तोंडात टाकावा आणि आपण घरपट्टीचा विषय काढावा, तसे ते होते. तरीही मी लिहिणार आहे. गेल्या भाऊबीजेच्या संध्याकाळी मी भाच्याच्या मोटारीत मुलुंड चेकनाक्यापाशी पाऊण तास बसून होतो, आणि त्या पाऊण तासात आम्हां मामा-भाच्यांचे जे भांडण जुंपले ते अजून मिटलेले नाही. वाचकांनी निवाडा करावा.

ताई मुलुंडला राहते, मी वागळे इस्टेटीत. मध्ये काय ते चेकनाक्याचे अंतर. ओवाळून झाले, करंज्यांचा डबा हातात आला, आणि मी चपला घालू लागलो तसा भाचा म्हणाला, “मामा, चालत कसले जाता? मी सोडतो ना.” मोटार नवी होती, हप्त्यावर घेतलेली होती, आणि ती मामाला दाखवायची होती. एवढ्या प्रेमापुढे नाही म्हणवले नाही. पुढे लाल दिव्यांची रांग, मागे पांढऱ्या दिव्यांची रांग, आणि मध्ये आम्ही.

“एक तरी बरं झालं, मामा,” तो म्हणाला, “टोल गेला. पूर्वी इथे अडकायचं आणि वर पैसेही द्यायचे.”

“तो टोल गेला हे उत्तम झाले,” मी म्हणालो. “आता दुसरा बसवायला हवा.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याच्या नव्या गाडीवर खिळ्याने रेघ ओढली होती.

आधी त्या गेलेल्या टोलाची कहाणी सांगतो, कारण आपले पुष्कळसे गैरसमज तिच्यातूनच निघालेले आहेत. 1995 ते 1999 या काळातील युती सरकारने मुंबईत 55 उड्डाणपूल बांधावयाचे ठरविले. त्यांचा खर्च भागविण्यासाठी शहराच्या पाच तोंडांवर नाके बसले: दहिसर, मुलुंडचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, आनंदनगर, ऐरोली आणि वाशी. पूल शहराच्या पोटात, आणि पैसे मात्र दारात! अंधेरीहून नरिमन पॉइंटला रोज मोटारीने जाणारा गृहस्थ वाटेत कितीही पूल ओलांडो, त्याला दमडी पडत नसे. चेकनाक्यापलीकडे मावशीला भेटायला निघालेल्या ठाणेकराला मात्र पडे. मुलुंड पूर्वेच्या हरिओमनगरवाल्यांची तऱ्हा तर विचारूच नका. राहणार मुंबईचे, कर भरणार मुंबईला, आणि आपल्याच मुलुंडात जायला कित्येक वर्षे टोल! हा गर्दीवरचा कर नव्हता. पहाटे तीन वाजता रिकाम्या रस्त्यावरून जाणाराही तेवढेच पैसे देई. तो सीमेवर जन्मल्याचा कर होता. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री, विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली असताना, हलक्या मोटारींना तो माफ झाला. त्या वेळी तो 45 रुपये होता. मोटार नसूनही मला आनंद झाला, हे मी कबूल करतो.

परंतु त्यानंतरचे पंचांग कोणी वाचले काय? माफीनंतर साडेतीन महिन्यांच्या आत, 25 जानेवारी 2025 रोजी, एस.टी.चे भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. 1 फेब्रुवारीला रिक्षाचा मीटर 23 रुपयांऐवजी 26 वर उघडू लागला. 9 मे रोजी बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांचे 10 झाले, म्हणजे एका रात्रीत दुप्पट. मोटारवाल्याला माफी आणि बसवाल्याला वाढ! दोन्ही निर्णय एकाच माणसाने एकाच टेबलाशी बसून घेतले असे मी म्हणत नाही. प्रत्येकामागे वेगळे कार्यालय, वेगळी फाईल, वेगळी कारणे असतील. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात तो फायली मोजत नाही. नाक्यावर मालमोटारींचा टोल चालूच राहिला, हीही गंमत ध्यानात घ्या. कांद्याची गोणी पैसे देऊन शहरात शिरे आणि चार आसनांच्या मोटारीत एकटा बसलेला गृहस्थ फुकट.

येथे भाचा उसळून म्हणाला, “फुकट कसला? मी रस्ता-कर भरला, जी.एस.टी. भरला, पेट्रोलवर कर भरतो. आणखी किती द्यायचं?”

हा आक्षेप पोकळ नाही. पण त्याने जे भरले ते मोटार घेण्याबद्दल आणि ती चालविण्याबद्दल. सोमवारी सकाळी साडेनऊला तीन हात नाक्यावरची जागा व्यापण्याबद्दल त्याने काय भरले? तेवढेच, जितके रविवारी दुपारी मोकळ्या रस्त्यावरून जाणाऱ्याने भरले. हिशेब साधा आहे. पन्नास माणसे एका बसमध्ये बसतात, आणि ती बस बारा मीटर लांबीची. तीच पन्नास माणसे एकेक मोटार घेऊन निघाली तर नुसती नाकाला नाक लावून उभी केली तरी रांग पाव किलोमीटरची होते. मग बसमधल्या पन्नास जणांनी त्या रांगेच्या शेपटाला उभे राहावे, आणि भाडेही दुप्पट द्यावे!

ज्या वस्तूची टंचाई असते तिला किंमत असावी, आणि ती वेळेप्रमाणे कमीजास्त व्हावी, हा विचार रस्त्याला लावणारे मोठे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे कोलंबिया विद्यापीठाचे विल्यम विक्री. नावच विक्री! बिचाऱ्यांना 1996 साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तिसऱ्या दिवशी ते वारले. त्यांचा विचार मात्र जगला. सिंगापूरने तो 1975 सालीच अंमलात आणला होता. सकाळच्या गर्दीत शहराच्या मध्यभागी मोटार न्यायची तर दिवसाला तीन डॉलरांचा परवाना काचेवर चिकटवावा लागे. चार माणसे बसलेल्या मोटारीला माफी होती. परिणाम असा झाला, की मोटारवाले बसथांब्यावरच्या अनोळखी माणसांना बोलावून गाडीत बसवू लागले! सरकारने उपदेश करून जे साधले नसते ते तीन डॉलरांनी साधले. लंडनने 17 फेब्रुवारी 2003 पासून पाच पौंड घ्यायला आरंभ केला. न्यूयॉर्कने पुष्कळ वर्षे घोळ घालून अखेर 5 जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागासाठी नऊ डॉलर लावले.

पण मला शिकवण घ्यावीशी वाटते ती स्टॉकहोमची. त्यांनी कर आधी लावला नाही. ऑगस्ट 2005 मध्ये आधी जादा बसगाड्या रस्त्यावर आणल्या. मग जानेवारी 2006 पासून सात महिने शुल्काचा प्रयोग केला, आणि जुलैअखेर तो चक्क बंद केला. वेशीवरची रहदारी सुमारे एक पंचमांशाने घटली होती. प्रयोग बंद होताच मोटारी परत आल्या, आणि लोकांना दोन्ही चवी कळल्या. सप्टेंबरात मतदान घेतले. प्रयोगापूर्वी ज्या शहरात कुरकुर फार होती त्याच शहराने बहुमताने होकार दिला, आणि 2007 पासून शुल्क कायम झाले. आता खरी गोम ऐका. आसपासच्या ज्या नगरपालिकांनी स्वतंत्र मतदान घेतले तेथील एकंदर कौल नकाराचा पडला. म्हणजे स्टॉकहोमच्या ठाणे-डोंबिवलीकरांनी ‘नाही’ म्हटले! जो आत राहतो त्याला हवा स्वच्छ मिळते, जो बाहेरून येतो त्याला बिल मिळते. हे दुखणे जगभर सारखेच आहे, आणि मी वेशीवरचा रहिवासी असल्यामुळे ते विसरू शकत नाही.

मुंबईतही असे शुल्क घ्यावे, अशा बातम्या 2025 साली वर्तमानपत्रांत येऊन गेल्या. गाडी उभी करायला जागा दाखवा, मग नोंदणी करा, असेही परिवहनमंत्र्यांनी बोलून दाखविले. लगेच ओरड झाली. त्या ओरडीतले निम्मे मला पटते.

कासारवडवलीच्या माणसाला कचेरी अंधेरीला असेल तर त्याने काय करावे? मेट्रोसाठी 2018 पासून घोडबंदरचा रस्ता आणि तीन हात नाका खणून ठेवलेला. सप्टेंबर 2025 मध्ये चाचणीची गाडी धावली तेव्हा लोकांनी मान वर करून पाहिले, जसे चंद्राकडे पाहतात. लोकलमध्ये जा म्हणावे, तर लोकलची कथा काय आहे? 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकणारी माणसे रुळांवर पडली. त्या दिवशी चार घरांतला माणूस परत आला नाही. अशा वेळी बापाने कर्ज काढून मुलाला मोटार घेऊन दिली तर त्याला चैनी कोणत्या तोंडाने म्हणायचे? भाच्याची मोटारही ताईने त्याच आठवड्यात मंजूर केली होती. मी तेव्हा गप्प बसलो, आणि आजही ताईला दोष देणार नाही.

मात्र येथेच माझे आणि भाच्याचे रस्ते वेगळे होतात. तो म्हणतो, “पर्याय द्या, मग पैसे मागा.” मी विचारतो, पर्याय कोणाच्या पैशाने द्यायचा? समुद्राकाठचा रस्ता 2024 पासून उघडला. त्यावर तेरा-चौदा हजार कोटी रुपये खर्च झाले, आणि मोटारीला त्यावर टोल नाही. तो पैसा मोटार नसलेल्यांच्याही करातून आलेला आहे. एवढ्या रकमेत किती बसगाड्या आल्या असत्या हे मी वर्गातल्या मुलांना गणित म्हणून घालीत नाही, कारण उत्तर ऐकून मुलांचा मोठ्यांवरचा विश्वास उडेल.

आणखी एक आक्षेप गरिबांच्या नावाने येतो. शंभर रुपये कोट्यधीशालाही शंभर आणि टेंपोवाल्यालाही शंभर, हा अन्याय नाही काय? आहे. म्हणून टेंपोला, अपंगांच्या गाडीला, रुग्णाला नेणाऱ्याला सूट असावी. पण गरिबाचे नाव घेऊन जो बोलतो त्याला मी एवढेच म्हणेन, की सकाळी आठ वाजता किसननगरच्या बसथांब्यावर येऊन उभा राहा. तेथे गरीब भेटतील. त्यांना मोटारीवरच्या शुल्काची भीती वाटत नाही; बस येणार की नाही याची वाटते.

सर्वांत बळकट आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याच्यापुढे माझीही बोबडी वळते. पैसा जाणार कोठे? पुलांसाठी लावलेला टोल पूल बांधून झाल्यावरही दोन तपे चालला. उद्या कोंडीशुल्काच्या पैशातून आणखी एक उड्डाणपूल उठला, तर ती कोंडीचीच शेती झाली! लंडनमध्ये उरलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करावा असे कायद्यातच बांधून घेतले होते. शुल्क सुरू झाले त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बसगाड्या धावू लागल्या. तरीही काही वर्षांनी तेथे कोंडी बरीचशी परतली, हे सांगायला हवे. ते औषध कायमचे नाही. पण निदान बस तरी आली.

म्हणून माझी मागणी अशी. शुल्क नाक्यावर नको. नाका म्हणजे ठाण्याला मुंबईपासून तोडणारी भिंत, ती परत उभारू देऊ नये. जेथे कोंडी आहे तेथे, आणि ज्या वेळी आहे त्याच वेळी, घ्यावे. फोर्टात घ्या, वांद्रे-कुर्ला संकुलात घ्या. आणि आमच्याकडे घ्यायचे तर ठाणे स्टेशन ते गोखले रस्ता येथे घ्या, माझ्या दारातल्या सोळा नंबर रस्त्यावरही घ्या. फास्टॅग 2021 पासून सक्तीचा आहे, तेव्हा रांगा लावून सुट्या पैशांवरून भांडण्याचे कारण उरलेले नाही. पण पहिला रुपया घेण्याआधी सहा महिने बस आली पाहिजे. महिन्याला किती जमले आणि किती बसगाड्या घेतल्या हे वागळे आगाराच्या फाटकावर फळ्यावर लिहिले पाहिजे, आणि वर्षाने आम्हांला विचारले पाहिजे. एवढे करता येत नसेल तर शुल्क लावू नका. मग मी भाच्याच्या बाजूने मोर्च्यात येईन.

सोळा नंबरचे नाव मी मुद्दाम काढले. औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली निघाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. तिच्या रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. माझ्या लहानपणी पाळी सुटली की भोंगा होई, आणि फाटकांतून सायकली आणि पायी चालणारी माणसे लोंढ्याने बाहेर पडत. रस्ता त्यांच्याच मापाने केलेला. आता कारखाने जाऊन काचेच्या इमारती आल्या, पासपोर्टाची कचेरी आली. माणसे बदलली, काम बदलले, रस्ता मात्र तेवढाच राहिला. त्याच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या असतात आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत उरलेले शहर चालते. आमच्या शाळेतली मुले तेथून जाताना दप्तर पोटाशी धरतात. कोणी शिकवले नाही, आपोआप शिकली.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी आम्ही अखेर चेकनाका ओलांडला. भाचा शेवटी म्हणाला, “तुमच्याकडे गाडी नाही मामा, म्हणून तुम्हाला सोपं वाटतं.” मी म्हणालो, “खरे आहे. पण तुझ्याकडे आहे म्हणून तुला तरी कोठे सोपे वाटते आहे?” यावर तो हसला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. घराच्या गल्लीपाशी आलो तर गाडी लावायला जागा नाही. त्याने एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला मी करंज्यांचा डबा घेऊन कोपऱ्यावर उतरलो, वर येऊन चहा टाकला, आणि चहा उतू जाण्याच्या बेताला आला तरी तो अजून खाली फिरतच होता.