औषधांच्या खिडकीपलीकडे



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात किंवा मित्रपरिवारात कुणी ना कुणी डॉक्टर असतोच. त्यामुळे 'रेसिडेन्सी' आणि 'मॅच' हे शब्द आपल्याला नवे नाहीत. पण फार्मासिस्टचीही रेसिडेन्सी असते असे सांगितले, की अजूनही प्रश्न येतो : "गोळ्या मोजून द्यायला आणखी एक वर्ष कशाला?" या प्रश्नाचे उत्तर औषधांच्या खिडकीत नाही, वॉर्डात आहे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आय.सी.यू.च्या राउंडवर डॉक्टरांबरोबर एका अनुभवी फार्मासिस्टला नेऊन पाहण्यात आले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. औषध लिहून देण्याच्या पायरीवर होणाऱ्या चुकांमुळे रुग्णांना पोहोचणारी, टाळता येण्याजोगी इजा दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आली होती. यासाठी नवे यंत्र आणावे लागले नाही. मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णाला व्हॅन्कोमायसिन किती द्यावे, वॉरफरिन चालू असताना एखादे अँटिबायोटिक सुरू केले तर काय होईल, हे जाणणारा माणूस योग्य वेळी तिथे हजर होता, एवढेच.

असा माणूस फक्त पुस्तके वाचून तयार होत नाही. अमेरिकेत फार्म.डी. झाल्यानंतर पहिल्या वर्षाची रेसिडेन्सी सर्वसाधारण रुग्णालयीन कामाची असते. ज्यांना कर्करोग, अतिदक्षता, बालरोग अशा विषयांत जायचे आहे ते दुसरे वर्ष करतात. रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने (ए.एस.एच.पी.) २००७ मध्ये धोरण ठरवले, की २०२० पर्यंत रुग्णाची थेट जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येक नव्या पदवीधराने रेसिडेन्सी पूर्ण केलेली असावी. २०२० येऊन गेले. कायद्याने ती सक्तीची झाली नाही, पण मोठ्या रुग्णालयांतील क्लिनिकल जागांसाठी ती मागितली जाते.

आता पैशांचे बोलू. रेसिडेंटला मिळणारे वेतन नोकरीतल्या फार्मासिस्टच्या निम्म्याहूनही कमी असते आणि डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा काही भाग मेडिकेअर रुग्णालयांना भरून देते. दुसऱ्या वर्षासाठीची ही मदत मात्र २००३ च्या नियमाने बंद झाली. फार्मासिस्ट म्हणून काम करायला ते वर्ष सर्वसाधारणपणे आवश्यक नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. म्हणजे समाजाला तज्ज्ञ हवेत, पण ते घडवण्याचा खर्च रुग्णालयाने आणि त्या तरुणाने सोसावा! रेसिडेंट म्हणजे स्वस्तात मिळालेला कामगार, ही टीकाही अगदीच निराधार नाही. व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींना तर अनेक रुग्णालये दारातूनच परत पाठवतात.

भारतात काय स्थिती आहे? दोन वर्षांचा डिप्लोमा आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण एवढ्यावर तेथे बराच काळ फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत असे. २००८ मध्ये फार्मसी कौन्सिलने सहा वर्षांचा फार्म.डी. सुरू केला. त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे असते : सहा महिने जनरल मेडिसिन आणि इतर तीन विभागांत प्रत्येकी दोन महिने. कागदावर ही रचना उत्तम आहे. पण ज्या वॉर्डात मुळातच क्लिनिकल फार्मासिस्टची जागा मंजूर नाही, तेथे या विद्यार्थ्याला शिकवणार कोण? निवासी डॉक्टरांना विद्यावेतन हक्काने मिळते, आणि तेही वेळेवर मिळावे म्हणून 'मार्ड'ला संप करावे लागतात. फार्म.डी.च्या विद्यार्थ्याला तसा हक्कच नाही. मग शिकून झाल्यावर तो वॉर्डाकडे न वळता औषध कंपनीकडे किंवा विमानतळाकडे वळला, तर दोष त्याचा कसा?

"जिथे सरकारी रुग्णालयात साधी औषधे मिळत नाहीत, तिथे ही चैन कशाला?" असे कुणी म्हणेल. आम्हाला उलटे वाटते. के.ई.एम. किंवा ससूनसारख्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर जेवढे रुग्ण असतात, तेवढ्यांत चूक होण्याची शक्यता वाढते. गरीब रुग्णाला त्या चुकीची किंमत जास्त मोजावी लागते, कारण बुडालेली मजुरी आणि वाढलेला मुक्काम त्याला परवडत नाही. गर्दीच्या वॉर्डातच औषधांवर दुसऱ्या नजरेची गरज अधिक आहे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. हे प्रशिक्षण सार्वजनिक रुग्णालयांत व्हावे, त्याला विद्यावेतन असावे, आणि त्यानंतर नोकरीची मंजूर जागा असावी. या तीनपैकी एक गोष्ट नसेल, तर उरलेल्या दोन टिकणार नाहीत. खाजगी महाविद्यालयांच्या भरमसाट फीवर आणखी एक वर्ष चढवणे म्हणजे सुधारणा नव्हे.

आपण इथे बसून काय करू शकतो? मंजूर जागा शासनानेच द्यायच्या आहेत; ते काम देणग्यांनी होणार नाही. पण आपल्यातील जे रुग्णालयीन फार्मासिस्ट आहेत, त्यांना आठवड्यातून एक तास इंटरनेटवरून गावाकडच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांबरोबर केसवर चर्चा करता येईल. इतरांना दोन-चार विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या विद्यावेतनाचा भार मिळून उचलता येईल. एका रुग्णालयात हे नीट चालून दाखवले, तर शासनाकडे मागणी करताना हाती काही ठोस असेल.

आपल्यापैकी कोण यासाठी वेळ देऊ शकेल, ते जरूर कळवावे. मतभेद असल्यास तेही अवश्य लिहावेत.

– संपादक