व्यसनमुक्तीची खुर्ची रिकामी नको

दारू सोडणे एक, सुटलेली ठेवणे दुसरे. उपचार केंद्रातून घरी परतलेल्या माणसाची खरी कसोटी तिथून सुरू होते.

१९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांना सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. सभेला शुल्क नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू सोडण्याची इच्छा पुरते. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने उपचारांना सहवासाची जोड दिली, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला.

पाय घसरला तरी सभा सोडू नये. शाळा, समाजमंदिरे आणि ग्रामपंचायतींनी आठवड्यातून एक संध्याकाळ या सभांसाठी खोली मोफत द्यावी.