आता माझा उपयोग काय?

गेल्या पावसाळ्यात नगरमधील एका घरी रुग्ण पाहण्यास गेलो होतो. वयाची ऐंशी ओलांडलेल्या या बाई निवृत्त परिचारिका. मिशनच्या रुग्णालयात त्यांनी उभी हयात घालवली. आजही सारी आळी त्यांना 'सिस्टर' म्हणूनच ओळखते. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, जखमही उत्तम भरली. परंतु दहा आठवडे उलटले तरी त्या वॉकरला हात लावीत नव्हत्या. जेवण निम्म्यावर आले होते. सून अंग पुसायला आली की त्या भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेत.

रक्तदाब पाहून मी उठलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हाड जुळलं म्हणता. पण मी कशाला उरले आहे? आता माझा उपयोग काय?"

मी तत्परतेने म्हणालो, "असं काय बोलता, सिस्टर? किती बाळंतपणं केलीत, किती जणांची शुश्रूषा केलीत!"

त्या क्षीण हसल्या. "ते झालं. मी आताचं विचारतेय."

माझे उत्तर चुकले होते. माणसाचे मोल त्याच्या कामात असते, हेच मी त्यांना पुन्हा सांगितले होते; फक्त वर्तमानकाळाचा भूतकाळ केला होता.

असा प्रश्न कानी पडला की वैद्याने प्रथम आपले काम करावे. उतारवयात निराशेमागे पुष्कळदा आजार दडलेला असतो. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, न शमलेली वेदना, मंदावलेली श्रवणशक्ती, एखाद्या औषधाचा परिणाम, ही कारणे शोधलीच पाहिजेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, झोप व भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींतही मन रमेनासे झाले, तर 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नये. नैराश्य हा उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे आणि तो श्रद्धेतील उणेपणा नव्हे. सिस्टरांच्या तपासण्या केल्या, वेदनाशामक औषधाची मात्रा व वेळ बदलली, नैराश्यासाठी औषधही सुरू केले. त्यांना झोप लागू लागली. प्रश्न मात्र उरला, कारण तो केवळ रोगाचा नव्हता.

मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढलो. माणसाच्या जीवनाचा मुख्य हेतू कोणता, हा १६४७ साली वेस्टमिन्स्टर येथे सिद्ध झालेल्या लहान प्रश्नोत्तरीतला पहिलाच प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात देवाचा गौरव आणि त्याच्या ठायी लाभणारा आनंद, एवढेच सांगितले आहे. कमाई, कर्तबगारी, उपयोग यांपैकी एकही शब्द तेथे नाही. याचा अर्थ असा की, नोकरी सुटली, हातपाय थकले, तरी जीवनाचा हेतू सुटत नाही. कारण तो हातापायांवर सोपवलेलाच नव्हता. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, असे बायबलच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. ते प्रतिरूप अंथरुणाला खिळल्याने पुसले जात नाही.

हे पटणे सोपे, पण स्वतःविषयी मानणे कठीण. पुढच्या भेटीत मी विचारले, "सिस्टर, ज्यांची अंगं तुम्ही पुसलीत, त्यांतला कोणी तुम्हाला निरुपयोगी वाटला होता का?"

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एकही नाही. पण दुसऱ्याचं करणं सोपं असतं हो, डॉक्टर. करून घेणं अवघड."

त्यांच्या या वाक्याने मला पेत्राची आठवण झाली. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतात. पेत्र संकोचाने नकार देतो. तेव्हा येशू त्याला बजावतात की, हे करून घेतले नाहीस तर तुझा माझा संबंधच उरणार नाही. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात पेत्राला सांगितले जाते की, म्हातारपणी दुसराच कोणी तुझी कमर बांधील आणि तुला नको असेल तेथे नेईल. तो संकेत पेत्राच्या मरणाविषयी होता, असे शुभवर्तमानच सांगते. आणि तरीही त्यापाठोपाठ 'माझ्यामागे ये' हे बोलावणे येतेच. परावलंबी होणे म्हणजे बोलावणे रद्द होणे नव्हे, असा मी त्याचा अर्थ घेतो.

याच श्रद्धेतून आलेल्या डॉ. सिसिली सॉन्डर्स प्रथम परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रुग्णाची वेदना शरीराबरोबरच मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असे त्यांनी वैद्यकाला शिकवले. बरा न होणारा रुग्णही अखेरपर्यंत महत्त्वाचा असतो, हा त्यांच्या कार्याचा पाया होता.

घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? अंगाला हात लावण्यापूर्वी विचारावे: "आई, आता पुसू का?" दार लोटून घ्यावे, जेवढे अंग पुसायचे तेवढेच उघडे करावे. जे त्यांना स्वतः जमते, ते वेळ लागला तरी त्यांनाच करू द्यावे. "असं बोलू नका" म्हणून तोंड बंद करण्याऐवजी "तुम्हाला असं का वाटतं?" असे विचारून ऐकावे. उपासनेला जाता येत नसेल, तर पाळकांना घरी बोलवावे. अन्य धर्मीयांनी आपापल्या परंपरेतला सोबती शोधावा. मरणाची इच्छा बोलून दाखवली, तर ती मनावर घ्यावी, माणसाला एकटे ठेवू नये आणि त्वरित डॉक्टरांना कळवावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे.

आणखी एक. त्या घरातून निघताना सूनबाई उंबऱ्याशी हळूच म्हणाल्या होत्या, "त्या तोंड फिरवतात, तेव्हा वाटतं माझाच राग आहे." भिंतीकडे वळलेल्या चेहऱ्यावर लाज होती, राग नव्हता, पण दोघींपैकी कोणी ते बोलले नव्हते. शेवटी मीच मध्ये पडून बोललो. शुश्रूषा करणाऱ्याच्या मनालाही असे कोणीतरी विचारले पाहिजे, आणि आठवड्यातून काही तास त्याला विसावाही मिळाला पाहिजे.

सिस्टर आज पूर्वीसारख्या झाल्या आहेत, असे म्हणणार नाही. काही दिवस अजूनही जड जातात. मात्र वॉकर धरून त्या ओसरीपर्यंत येतात. सून अंग पुसते तेव्हा पाणी किती कोमट हवे, टॉवेल कसा पिळावा, हे जुन्या अधिकाराने सांगतात. परवा मला म्हणाल्या, "डॉक्टर, ती चांगलं पुसते." मग थोडे थांबून, "आता मी तिच्याकडे तोंड करून बसते."