पाच ओळींत सांगा!

दिवाळी तोंडावर आली की पुरुषमाणसाने काय करावे, याचे आमच्या घरात पूर्वापार नियम ठरलेले आहेत. माळ्यावरून मोठे पातेले काढून द्यावे, चकलीचा सोऱ्या शोधावा (तो दरवर्षी नव्या जागी हरवतो), आकाशकंदिलाची वायर तपासावी आणि मग स्वयंपाकघरात लुडबुड न करता बाहेर बसावे. यंदा यांपैकी एकही काम माझ्या हातून धड झालेले नाही. कारण यंदा मी गोष्ट सांगायला शिकतो आहे.

वयाच्या ४९ व्या वर्षी, एका विमा कंपनीच्या दावे विभागात २२ वर्षे काढल्यावर, हे काय नवीन खूळ, असे तुम्ही विचाराल. आमच्या हिनेही तेच विचारले होते. तर त्याची हकीकत अशी.

मला पटकथा लिहिण्याचा नाद आहे. नाद हा शब्द मी मुद्दामच वापरतो. झोप मोडून पगार मिळतो ती नोकरी, आणि झोप मोडून काहीच मिळत नाही तो नाद! पहाटे साडेचारला उठावयाचे, सहापर्यंत लिहावयाचे, मग आंघोळ, डबा आणि डोंबिवली स्टेशन. गाडीत ठाण्यापर्यंत उभ्याने मोबाईलवर संवाद टिपावयाचे. पुढे चौथी सीट मिळाली तर अर्धे अंग बाकावर आणि अर्धे हवेत ठेवून एखादा प्रसंग पुरा करावयाचा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. माझी मजल दिवसाला अर्ध्या पानाची. त्यातून पाहुणे, ऑडिट आणि सर्दी-पडसे वजा करा. आठ वर्षांत तीन पटकथा झाल्या, त्या अशा.

नोकरी सांभाळून लिहिणारा मी काही पहिला नव्हे. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर नोकरी करीत होते. व. पु. काळे मुंबई महानगरपालिकेत आर्किटेक्ट होते. ही नावे मी घरात अधूनमधून घेत असतो. त्यावर ही एवढेच म्हणते, "त्यांचं छापून यायचं हो."

पण यंदा योग आला. दिवाळीनंतर अंधेरीला लेखकांचा एक मेळावा आहे. तिथे निर्माते मंडळी बसणार आणि लेखकाने समोर उभे राहून आपली कथा सांगावयाची. वेळ दहा मिनिटे. त्यातलीही पाच त्यांच्या प्रश्नांसाठी. शिवाय आगाऊ दोन गोष्टी लिहून पाठवावयाच्या. एक म्हणजे पानभर सारांश, आणि दुसरी लॉगलाइन, म्हणजे अख्खी कथा एका-दोन वाक्यांत. एकशे दहा पानांची पटकथा मागाहून, तीही त्यांनी मागितली तर!

शेजारच्या काकांनी बजावले, "सांगू नका कुणाला, चोरतील." त्यांचे अगदीच चुकीचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात निवाडा दिला, की नुसत्या कल्पनेवर कोणाला मालकी सांगता येत नाही. ती ज्या रीतीने मांडली, त्या मांडणीवर येते. तेव्हा पटकथा पुरी लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून घेतली. ऑफिसातही रीतसर अर्ज करून परवानगी घेतली. साहेबांनी सही करताना विचारले, "यात आम्ही आहोत का?" मी म्हटले, "नाही साहेब." ते जरा हिरमुसलेले दिसले.

आता कथा ऐका. विमा कंपनीतल्या एका कारकुनाच्या हाती बेवारस रकमांची यादी येते. ज्या पॉलिसींचे पैसे मागायला दहा वर्षांत कोणी फिरकत नाही, ती रक्कम कंपनीला ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत भरावी लागते. दहावे वर्ष सरत आलेले, आणि यादीत नाव कोणाचे? त्याच्याच दिवंगत वडिलांचे! नॉमिनी म्हणून एका बाईचे नाव. ही बाई घरात कोणाला ठाऊक नाही. बरे, नॉमिनी म्हणजे मालक, असे आपण समजतो, पण तसे नसते. २०१५ च्या दुरुस्तीपासून बायको, मुले किंवा आईवडील नॉमिनी असले तर पैसा साधारणपणे त्यांचाच होतो. नॉमिनी परका असला तर तो पैसे घेतो ते वारसांच्या वतीने. म्हणजे पैसे त्या बाईच्या हाती जायचे आणि हक्क आईचा. आईला सांगावे, तर म्हातारपणी तिच्या संसाराला तडा. न सांगावे, तर लबाडी. माझा नायक हे सारे पोटात ठेवून त्या बाईच्या शोधात निघतो.

पहिली रंगीत तालीम घरातच झाली. श्रोते दोन. आमची ही भाजणी मळत होती आणि कन्या मोबाईलवर वेळ लावून बसली होती. मी नायकाच्या बालपणापासून सुरुवात केली. गिरगावातली चाळ, वडिलांची छत्री, श्रावणी सोमवारचा अर्ध्या दिवसाचा शाळेचा घंटानाद... सारे कसे साग्रसंगीत! कन्या म्हणाली, "बाबा, अठ्ठावीस मिनिटं झाली. तुमचा हिरो अजून ऑफिसात पोचला नाही." चकलीचा एक घाणाही तेवढ्यात करपला. त्याचे खापर अर्थातच माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाईल उघडली आणि माझे मलाच हसू आले. बावीस वर्षे मी काय करीत आलो? प्रत्येक दाव्यावर साहेबांसाठी पाच ओळींचे टिपण. कोण गेले, केव्हा, कशाने, मागे कोण आहे आणि आता आपण काय करावे. सहावी ओळ लिहिली की साहेबांचा लाल पेन चालतो. हजारो माणसांची आयुष्ये मी पाच ओळींत बसवली, आणि स्वतःची गोष्ट मात्र मला अठ्ठावीस मिनिटांत सुरू करता येईना! ज्या नोकरीला मी आठ वर्षे लेखनाची सवत समजत होतो, तिने मला हे केव्हाच शिकवून ठेवले होते.

त्या रात्री मला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली चित्रपटाला भांडवल हवे होते. चित्रपट म्हणजे काय, हेच ठाऊक नसलेल्या माणसांना ते सांगणार तरी काय? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोपटे वाढेल तसतशी त्याची चित्रे टिपली. मग दाणा फुटून वेल होताना लोकांनी पडद्यावर डोळ्यांनी पाहिली. पुढे १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यापायी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, ही गोष्ट आपण भक्तिभावाने सांगतो. पण ते बाईंना विचारून गेले, हे मी त्या रात्रीपर्यंत कधी ध्यानात घेतले नव्हते.

ध्यानात येण्याचे कारण असे. आता पाच ओळींची कथा मी हिला म्हणून दाखवली. हिने हातातला झारा खाली ठेवला आणि विचारले, "पण तो आईपासून लपवतो का?"

"तिला त्रास होऊ नये म्हणून."

"तिला, का त्याला?"

मी गप्प झालो. कारण वाचकहो, एक गोष्ट मी तुम्हालाही सांगितलेली नाही. यंदा जानेवारीत मला बढती मिळाली होती. नागपूरला बदली, पगारात चांगली वाढ. मी पंधरा दिवसांत लेखी नकार कळवला. नव्या जागेवर पहाटेचे ते दीड तास उरणार नाहीत, हे एकच कारण. घरात अवाक्षर बोललो नाही. घराचे हप्ते चालू, कन्येच्या कॉलेजची फी डोक्यावर. आणि मी नादापायी बढती सोडली, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

त्या दिवशी ते सांगितले. ही म्हणाली, "माहीत आहे मला."

"कसं?"

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं. मी हसून तिळगूळ घेतला, वाण घेतलं आणि घरी आले. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून वाट पाहिली. नऊ महिने झाले."

"मग रागावली नाहीस?"

"रागावले ना! बढती सोडलीत म्हणून नाही. अंधारात उठून लिहिणाऱ्या माणसाला ती सोडवणार, एवढं मला कळतं. पण घरचा हिशेब मी मांडते. मला विचारलं असतंत, तर कुठे काटकसर करायची ते मी सांगितलं असतं. ते न विचारता सोडलीत, याचा राग आला."

कढईतले तेल तापून धूर येऊ लागला होता. गॅस बारीक करायला मीच उठलो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुमच्या त्या आईलाही ठाऊकच असणार. इतकी वर्षं एका घरात राहून बाईला कळत नाही असं कधी असतं का? लेक सांगेल म्हणून ती वाट बघत असेल."

वाचकहो, आठ वर्षे माझ्या पटकथेला शेवट सापडत नव्हता. कधी ती बाई मेलेली निघे, कधी नायक पैसे समुद्रात फेकी. (विम्याचे पैसे थेट बँक खात्यात जमा होतात, ते समुद्रात फेकता येत नाहीत, हे दावे विभागात बसूनही मला सुचले नव्हते!) आता शेवट असा आहे. मुलगा धीर करून आईसमोर बसतो, आणि तो तोंड उघडण्यापूर्वी आईच त्या बाईचे नाव घेते.

नवे टिपण पाच ओळींचे झाले आहे. कन्येने वेळ लावली, चार मिनिटे चाळीस सेकंद. मेळाव्याच्या दिवसासाठी शिल्लक राहिलेली एकुलती एक किरकोळ रजा टाकली आहे. या खेपेस घरी विचारून. निर्माते हो म्हणतील की नाही, देव जाणे. नाही म्हणाले, तरी साडेचारचा गजर ठेवावयाचा, हे घरच्या बैठकीत ठरले आहे. पुढली बढती आली तर मात्र पत्र आधी हिच्या हाती द्यावयाचे, हेही त्याच बैठकीत ठरले.

आणि हो, सोऱ्या सापडला. माझ्या पटकथांच्या खोक्यातच होता.